ती पळाली नव्हती

आमच्या नातेवाइकांत आणि इमारतीत एक किस्सा गेली कित्येक वर्षं सांगितला जातो. माझ्या बायकोचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं, ठाण्याच्या हॉस्पिटलात ती दाखलही झाली होती, आणि आदल्या संध्याकाळी घाबरून पळून आली. इतकी घाबरली की चपला तिथेच खाटेखाली राहिल्या. लोक हसतात. हा किस्सा मी रचला. त्यातलं हॉस्पिटल खरं आहे, संध्याकाळ खरी आहे. बाकी खोटं आहे, आणि त्या खोट्यापायी ती आजही दोन्ही हातांनी कठडा धरून, आडवी होऊन जिना उतरते.

मला वासांचा फार तिटकारा आहे. हे सांगायला हवं, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. माझी उभी नोकरी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत, एका रंगाच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत गेली. नाकातले केस जळतील असे वास मी निमूटपणे घेतले. दुपारचा डबासुद्धा त्याच वासात खाल्ला. पण संध्याकाळी घरी येऊन दार उघडलं आणि बायकोच्या गुडघ्याच्या तेलाचा भपकारा आला की माझं डोकं उठायचं.

तिचे गुडघे पन्नाशीतच कुरकुरायला लागले. सुरुवातीला ती निर्गुडीचा पाला तव्यावर गरम करून बांधायची. मग महानारायण तेल आलं, मग ट्यूबमधली मलमं आली. त्यांचा वास उशीच्या अभ्र्याला, देवघरातल्या आसनाला, पोळीच्या डब्याच्या झाकणालासुद्धा लागायचा. मग नी-कॅप आल्या. त्या कातडीच्या रंगाच्या लवचीक पट्ट्या ती दिवसभर घालायची आणि निजताना सोलल्यासारख्या उतरवायची. खाली मांस दबून त्यावर जाळीचे वळ उठलेले असायचे. घामाने आंबलेल्या, आतून काळपट झालेल्या त्या पट्ट्या धुऊन बाथरूमच्या दांडीवर, माझ्या टॉवेलशेजारी वाळत पडायच्या. मी त्या चिमटीत धरून बाजूला सारायचो. एकदा तिच्यादेखतच म्हणालो, "अगं, इथे नको टाकत जाऊस या. किळस येते."

"बरं," ती म्हणाली. त्या दिवसापासून त्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाला लटकू लागल्या, जिथे मी जात नसे.

हळूहळू तिचे पाय बाहेरच्या बाजूला वाकले. चालताना ती बोटीसारखी दोन्हीकडे डुलायची. बाजारात जाताना मी पुढे निघायचो. ओळखीचं कुणी भेटलं की थांबून, मागे बोट दाखवून म्हणायचो, "येतेय, येतेय, स्वारी मागून येतेय." तेव्हा मला ते विनोदी वाटायचं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला आणि सरळ सांगितलं, "हाडावर हाड घासतंय. पट्टे, तेल, इंजेक्शनं, यांनी वेळ निघेल. सांधा काही परत येणार नाही. बदलावा लागेल."

"मग बदलून टाका," ती लगेच म्हणाली.

"बघू," मी म्हणालो.

आधी गणपती आडवे आले. आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती असतो. कोकणातून आलेली रीत. सगळे भाऊ, भावजया, पुतणे आमच्याच घरी जमतात आणि उकडीचे मोदक तिच्याच हातचे लागतात. गणपती झाले, पितृपक्ष लागला. पितृपक्षात ऑपरेशन कोण करतं? माझ्या वडिलांचं श्राद्ध, त्याचे वडे, खीर, आमटी, सगळं तिनेच केलं. मग घट बसले. मग दिवाळी. आमच्यासारख्या घरांत पंचांग उघडून बाईचं दुखणं पुढे ढकलता येतं आणि त्याला कुणी निर्दयपणा म्हणत नाही. मीही म्हटलं नाही.

दिवाळीनंतर मात्र कारण उरलं नाही. तारीख मिळाली. तिने तयारी सुरू केली. भाजणी दळून आणली, मेतकूट केलं, तीन प्रकारच्या चटण्या बरण्यांत भरल्या. मला कुकर लावायला शिकवला. "शिट्ट्या ऐका. पेपरात डोकं घालून बसू नका. डाळीचा कोळसा कराल." मुलगी तेव्हा बंगळुरूला नोकरीत होती. ती रजा घेऊन येते म्हणाली. हिनेच नको सांगितलं. "तुझे बाबा आहेत ना," असं फोनवर म्हणालेलं मी कानाने ऐकलं.

हॉस्पिटलची खोली दोन खाटांची होती. पलीकडच्या खाटेवर नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेली एक बाई होती. पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत पट्टी, अंगाखाली रबरी कापड, खाटेला टांगलेल्या नळीच्या पिशवीत लालसर पाणी. खोलीत औषधाचा, घामाचा आणि लघवीचा मिळून एक कोंदट वास. तिचा नवरा माझ्याच वयाचा होता, बनियनवर, खांद्याला नॅपकिन टाकलेला. तो तिच्या खाली बेडपॅन सरकवत होता.

"साहेब, जरा तोंड तिकडे करा," तो मला म्हणाला.

मी खिडकीकडे वळलो. पण कान वळत नाहीत आणि नाकही वळत नाही. थोड्या वेळाने तो बेडपॅनवर वर्तमानपत्राचं पान झाकून माझ्या अगदी जवळून बाथरूमकडे गेला. जाता जाता थांबला आणि चांगल्या मनाने म्हणाला, "पहिले काही दिवस असं. मग कमोडची खुर्ची येते, सोपं जातं. तुम्हालाही जमेल."

ते पान, त्याच्या कडेने दिसणारं स्टील, त्याचा ओला अंगठा. तुम्हालाही जमेल!

मागे बायको खाटेवर बसली होती. घट्ट वेणी घातलेली, हॉस्पिटलचा झगा चढवलेला. साबण लावून तिने हातातल्या बांगड्या काढल्या होत्या. बांगड्या आणि मंगळसूत्र रुमालात बांधून तिने माझ्या हातात दिलं. "नीट ठेवा. आणि अहो, सकाळी येताना माझा चष्मा आणा, विसरलेय. पाय सरळ झालेला मला दिसायला हवा."

मी बाहेर गेलो. व्हरांड्यात ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर उभा होता. त्याला म्हणालो, "पेशंट फार घाबरलीय. नको म्हणतेय. आम्ही घरी जातो."

"मी बोलतो त्यांच्याशी."

"नका बोलू. रडायला लागेल."

त्याने खांदे उडवले. कागदावर सही मीच केली. आत येऊन बायकोला सांगितलं, "तुझं बीपी वाढलंय म्हणतात. आता नको, पुढे बघू."

"सकाळी तर चांगलं होतं."

"आता वाढलंय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग माझ्या हातातला रुमाल घेऊन सोडला आणि बांगड्या परत चढवायला लागली. एक फुटली. तिचे तुकडे तिने कागदात गोळा केले, चपला घातल्या, आणि आम्ही निघालो. चपला तिने घातल्या होत्या. मला स्वच्छ आठवतं, कारण रिक्षात चढताना डाव्या चपलेचा पट्टा निसटला आणि तिला वाकता येईना म्हणून तो मी लावला.

पुढच्या गणपतीत, आरती झाल्यावर, धाकट्या भावाने विचारलं, "वहिनींच्या गुडघ्याचं काय झालं मग?" सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "काय सांगू, पळाली! मी चहा प्यायला खाली गेलो, परत येतो तर बाई दारात पिशवी घेऊन उभ्या!" खोली हशाने दणाणली. बायको मोदकांचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊ म्हणाला, "वहिनी, खरंच पळालात?"

"यांनाच विचारा," ती म्हणाली. "तेच होते तिथे."

लोक आणखी हसले. ती ताट घेऊन वाढत गेली. माझ्या पानात तिने एक मोदक जास्त वाढला. का, ते मी कधी विचारलं नाही.

किश्शात चपला मी नंतर घातल्या, कल्याणला एका लग्नात. जेवणाच्या रांगेत उभा होतो, किस्सा थोडा कमी पडतोय असं वाटलं. पुढे तो मला सांगावा लागलाच नाही. पुतणे सांगायचे, शेजारी सांगायचे. मुलगी ठाण्याला, वर्तकनगरला राहायला आली तेव्हा तिने आईला पुन्हा ऑपरेशनबद्दल विचारलं. विचारतानाच हसत होती. "आई, या वेळी तुझ्या चपला मी धरून बसते, चालेल?" आई म्हणाली, "राहू दे गं." मग मुलीने विषय सोडला. आई भित्री आहे, तिला जबरदस्ती करू नये, असं तिने स्वतःला समजावलं असणार. समजूतदार मुलगी आहे.

मग माझा उजवा गुडघा गेला. मी त्याच सगळ्या वाटेने गेलो. तेल, पट्टा, गरम पाण्याची पिशवी, इंजेक्शन. माझी नी-कॅप बाथरूमच्या दांडीवरच वाळायची. तिने काही म्हटलं नाही. माझ्या वेळी पंचांगही कुणी काढलं नाही. महिन्याभरात ऑपरेशन झालं.

आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, म्हणून नंतर आम्ही वर्तकनगरला मुलीकडे राहिलो. मुलगी आणि जावई दिवसभर कामावर. घरात आम्ही दोघं आणि कमोडची खुर्ची. प्लास्टिकच्या त्या खुर्चीच्या मधोमध भोक आणि खाली सरकवायचं भांडं. ते भांडं बायको काढायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात ते, अशी डुलत डुलत, भिंतीला खांदा टेकवत ती बाथरूमपर्यंत जायची. वाटेत थांबायची, श्वास घ्यायची, भांडं कललेलं नाही ना बघायची. मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. स्वतःचाच वास मला सहन होत नव्हता. माझी पांढरी, सुरकुतलेली मांडी, जखमेच्या टाक्यांवरची पिवळी पपडी, सगळ्याची शिसारी यायची.

"तोंड काय फिरवताय?" एकदा ती म्हणाली. "तुमचंच आहे."

व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणायची, "आजोबा एकदम डेअरिंगबाज!" भेटायला आलेले म्हणायचे, "यांनी हिंमत केली बघा. वहिनींना नाही जमलं." बायको चहा आणून ठेवायची. मी कप उचलायचो.

डोंबिवलीला परतल्यावर आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाने मला बोलायला बोलावलं. 'गुडघेरोपण : माझा अनुभव'. आमच्या गावात बोलायला माणूस आणि ऐकायला खुर्च्या कधी कमी पडत नाहीत. शाल, नारळ, टेबलावर पाण्याचा तांब्या. बायको पहिल्या रांगेत, पाय समोर ताठ करून बसलेली. मी व्यायामाबद्दल बोललो, पथ्याबद्दल बोललो. मागच्या रांगेत दोघं पेंगायला लागलेले दिसले. आणि मी किस्सा काढला. जिने माझं भांडं उचललं तिच्यासमोर उभा राहून काढला. या वेळी चपलांबरोबर पिशवीही खाटेखाली राहिली. सभागृह जागं झालं. पुढच्या रांगेतल्या बायका वळून वळून तिच्याकडे बघून हसत होत्या. तीही हसली. तिला तेवढंच करता येण्यासारखं होतं.

परतताना रिक्षात नारळ तिच्या मांडीवर होता.

"आज पुन्हा पळाले का मी?" तिने विचारलं.

मी रिक्षावाल्याला वळण दाखवलं.

"आज पिशवीपण राहिली म्हणालात. दर वेळी माझं काहीतरी जास्तच हरवतं."

इमारतीशी आल्यावर मी नव्या गुडघ्याने जिना चढलो आणि पहिल्या मजल्यावर थांबून खाली पाहिलं. नारळ पिशवीत, पिशवी गळ्यात अडकवलेली, दोन्ही हात कठड्यावर. ती एक पाय वर ठेवायची, मग सगळं अंग त्यावर ओढून घ्यायची, मग दुसरा. तोंड उघडं, कपाळावर घाम. इतकी वर्षं मी नेहमी पुढे असायचो, त्यामुळे हे मी पूर्ण कधी पाहिलंच नव्हतं. या वेळी तिच्या पायांची किळस आली नाही.

"बघत काय उभे राहिलात?" ती खालून म्हणाली. "पुढे व्हा, कुलूप उघडा."

त्याच रविवारी वर्तकनगरला, मुलीच्या जेवणाच्या टेबलाशी, मी सांगून टाकलं. बायको मटार सोलत होती. मुलगी आधी हसतच ऐकत होती, कारण सुरुवात नेहमीचीच होती. मग तिचं हसू गेलं.

"म्हणजे आई तयार होती?"

"बांगड्यासुद्धा काढल्या होत्या," बायको मटारांतून मान वर न करता म्हणाली. "एक फुटली."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "शी, बाबा," एवढंच म्हणाली. लहानपणी ताटात केस निघाला की असंच म्हणायची. मग आईकडे वळली. "आणि तू का नाही बोललीस गं? मी तुला इतकी वर्षं चिडवत होते!"

"काय बोलायचं? मी खाटेवरच होते. तो माणूस भांडं घेऊन गेला तेव्हा यांचं तोंड मी पाहिलं होतं." तिने एक शेंग सोलली, दाणे वाडग्यात टाकले. "नवऱ्याला माझी घाण काढायची शिसारी आली, हे चारचौघांत सांगू? त्यापेक्षा मी भित्री बरी."

मुलगी म्हणाली, "आता करून टाकू. मी रजा घेते. उद्याच नंबर लावते."

"आता मला खरंच भीती वाटते," बायको म्हणाली.

तेव्हा ती धडधाकट होती. आता वय झालंय, साखर आहे, रक्तदाबाची गोळी आहे. त्या संध्याकाळी मी तिच्या नावावर जी भीती खोटी लिहून आलो होतो, ती आता तिच्यापाशी खरी झाली होती.

मी मंडळातही खुलासा करायला गेलो. महिन्याच्या सभेत उभा राहिलो आणि म्हणालो, "मागच्या वेळी सांगितलं ते खोटं होतं. ही पळाली नव्हती. मी पळालो होतो." मागच्यापेक्षा मोठा हशा झाला. कार्यवाह म्हणाले, "वहिनींनी घरी दम दिलेला दिसतोय!" मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर टाळ्या पडल्या. ज्या तोंडाने इतकी वर्षं हसवलं त्यावर लोक आता विश्वास ठेवत नाहीत. ठेवू नयेच. म्हणून लिहून ठेवतोय. कागदावर माझं तोंड दिसत नाही.

नंबर मुलीने लावलाच होता. "नुसतं दाखवायला चल," असं म्हणून तिने आईला तयार केलं. सगळ्या तपासण्या झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "करता येईल. एका वेळी एकच गुडघा. हृदयाकडे लक्ष ठेवावं लागेल. आधी आला असता तर सोपं गेलं असतं. एवढे का थांबलात?"

मुलीने माझ्याकडे बघितलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही रस नव्हता. ते तारखा बघत होते. "लगेच हवं असेल तर पुढच्या पंधरवड्यात होईल. पितृपक्ष आहे ना, आमच्याकडे कुणी येत नाही. नाहीतर मग नवरात्रानंतर, नाहीतर थेट दिवाळीनंतर."

तीच यादी, त्याच क्रमाने. मी बायकोकडे पाहिलं. तिची बोटं पर्सच्या बंदाशी चाळा करत होती.

"पितृपक्षातली द्या," ती म्हणाली.

"घरी कुणाला विचारायचं नाही ना?"

"कुणाला, पितरांना? त्यांचे वडे जन्मभर मीच तळले. एक वर्ष त्यांनी सांभाळून घ्यावं."

डॉक्टर पहिल्यांदा हसले. "काकू, भीती वाटते का?"

"वाटते. तुम्ही तारीख लिहा."

उद्या सकाळी दाखल व्हायचंय. धाकट्या भावजयीचा फोन येऊन गेला, पक्षपंधरवड्यात कशाला हे म्हणून. तो मीच घेतला आणि मीच ठेवला. मुलीने रजा घेतलीय, पण रजा संपल्यावर मीच असणार. या वेळीही वर्तकनगरलाच राहायचंय, कमोडची खुर्ची तिच्या माळ्यावरून काल खाली काढली. आज दुपारी ती बाथरूममध्ये घेऊन बसलो. भोकाच्या कडेला, जिथे ब्रश पोचत नाही तिथे, माझ्या वेळचा जुना पिवळा थर होता. फिनेलच्या वासातूनही तो वास वर आला. मला ओकारी आली. बाहेर जाऊन श्वास घेतला, परत आलो, बोटाला फडकं गुंडाळून तो थर काढला. किळस गेली वगैरे काही नाही. ती मी मेल्यावरच जाईल बहुधा.

मान वर केली तर बायको दारात काठी टेकून उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"जमतंय का?"

"जमेल," मी म्हणालो.

"बघू," ती म्हणाली. मग बांगड्या काढायच्या होत्या म्हणून साबण मागितला. मी हात धुतले आणि तिला दिला.